स्वच्छ बाटली

बाटलीच्या झाकणाला मुंग्या लागल्या होत्या. पाच-सहाच, बारीक, काळ्या. लघवीच्या बाटलीला मुंग्या लागणं यात नवल काही नाही, साखरेचा पेशंट असला की लागतात, आणि धाराशिवच्या बसस्टँडमागच्या या लॅबमध्ये बारा वर्षं काढल्यावर मला तर मुळीच नवल वाटायला नको होतं. पण या मुंग्या बाटलीभर फिरत नव्हत्या. झाकण जिथं आट्यांवर बसतं तेवढ्याच रेघेवर त्या घुटमळत होत्या, आणि एक मुंगी झाकणाच्या आत शिरायला बघत होती. सकाळचे साडेनऊ झाले होते, बाकावर अकरा माणसं होती, हातात मोजे चढवलेले होते, आणि मी त्या रेघेकडं बघत नुसती उभी राहिले. मागून कुणीतरी म्हणालं, "म्याडम, आमचं रक्त कवा घेता?" मी म्हणाले, "बसा, घेते." घेतलं मात्र नाही.

लोक लघवी कशाकशात आणतात याची मी पहिल्या वर्षी मनातल्या मनात यादी करत असे, पुढं नाद सोडला. खोकल्याच्या औषधाची बाटली, पाण्याची लिटरची बाटली काठोकाठ भरून, लोणच्याची बरणी. एका गुरुजींनी तर अत्तराच्या कुपीत चार थेंब आणले होते आणि वर विचारलं होतं, पुरेल ना? कमी पडली म्हणून पाणी घालून आणणारे वेगळेच. त्यांना वाटतं आम्हाला कळत नाही. आमच्याकडं रुंद तोंडाचे, घट्ट झाकणाचे डबे असतात, मागेल त्याला देतो, पण नुसता डबा न्यायला आदल्या दिवशी गावाकडनं कोण येणार? फोन करतात आणि विचारतात, कशात आणायची? मग मी म्हणते, "स्वच्छ बाटलीत आणा. सकाळची पहिली. सुरुवातीची थोडी जाऊ द्या, मधली धरा, शेवटची सोडा. तासाभरात पोचवा." हे मी इतक्या वेळा म्हटलंय की झोपेतही म्हणते, असं माझे मिस्टर सांगतात. यातलं पहिली, मधली, तासाभरात हे लोक नीट ऐकतात. एसटी उशिरा आली तर बिचारे माफी मागतात. स्वच्छ म्हणजे काय हे मात्र ज्याचं त्यानं ठरवलेलं असतं, आणि त्यात मी कधी डोकं घातलं नव्हतं.

ही बाटली सत्यभामाबाईंनी आणली होती. ढोकीच्या अलीकडच्या एका वस्तीवरून त्या सुनेला घेऊन आल्या होत्या. सून वैष्णवी, विशीतली, सातव्या महिन्यात. बाकाच्या टोकाला पाय लांब करून बसली होती. मी पट्टी बुडवली, बाटलीच्या काठाला टेकवून निथळली आणि घड्याळाकडं बघितलं. साखरेचा चौकोन फिका निळा असतो आणि तीस सेकंदांनी वाचायचा असतो. हा पंधरा सेकंदांतच हिरवा झाला आणि मग तपकिरी. उपाशीपोटीची रक्तातली साखर मात्र अठ्ठ्याऐंशी होती. गरोदरपणी असं थोडंफार होतं, रक्तात नसली तरी लघवीत उतरते, पण इतकी नाही. एरवी मी तपकिरी रंगासमोरचा आकडा लिहून मोकळी झाले असते. त्या मुंग्या होत्या म्हणून लिहिला नाही. मी वैष्णवीला आत बोलावलं, आमचा डबा दिला, त्याच्या अंगावर तिचं नाव लिहिलं. झाकणावर कधी लिहीत नाही, झाकणं बदलतात. तिनं डबा आणून दिला तेव्हा तो अजून कोमट होता. पट्टी बुडवली. तीस सेकंद, चाळीस सेकंद, चौकोन निळाच राहिला.

"मावशी, ही बाटली कशाची हो?" मी सत्यभामाबाईंना विचारलं.

"का? दोन डाव इसळली की."

"हो, पण आधी काय होतं तिच्यात?"

"काकवी व्हती. आता दवाखान्यात न्यायची म्हनल्यावर घरातली चांगली बाटली नको का काडायला? काचंची हाय, बूच बी घट बसतंय. औशिदाच्या बाटलीत आनायची व्हय?" त्या जरा दुखावल्या होत्या. मग सुनेला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाल्या, "काय निगालं का तिला?"

"काही नाही. साखर बाटलीला होती, तिला नाही."

त्यांनी कपाळाला हात लावला, मग हसल्या, आणि जाताना बाटली परत मागितली. मी ती रिकामी करून, धुवून त्यांना दिली. आट्यांमधला तांबूस थर बोटानं घासला तरी पहिल्या खेपेला निघाला नाही. मोजा चिकट झाला. मी मोजे बदलले आणि स्टुलावर बसले.

बारा वर्षांपूर्वी याच टेबलावर अशीच एक काचेची बाटली उभी होती, आणि ती माझ्या वडिलांची होती. मी नोकरीला लागून महिनासुद्धा झाला नव्हता. अप्पांचं, म्हणजे शरणबसप्पांचं, बेंबळीला गुऱ्हाळ होतं. ते रात्री दोन-तीनदा लघवीला उठतात असं अव्वा, माझी आई, बोलता बोलता म्हणाली, आणि मी नव्यानं शिकल्याच्या उत्साहात फोनवर सांगितलं, स्वच्छ बाटलीत आणा. ते आले ते धुतलेलं धोतर नेसून, डोक्याला पटका बांधून. जाकिटाच्या आतल्या खिशातून त्यांनी बाटली काढली आणि टेबलावर ठेवली, ती काकवीचा नमुना आडतीला दाखवायला न्यायची बाटली, हे मला दिसत होतं. मी लहानपणापासून ती बाटली बघत आले होते. तेव्हा एवढंच मनात आलं, की अप्पांनी आपल्यासाठी ठेवणीतली बाटली काढली. बरं वाटलं. त्यांनी लॅबभर नजर फिरवली, सूक्ष्मदर्शकाकडं जरा जास्त वेळ बघितलं आणि विचारलं, "झालं?" मी म्हणाले, झालं, बसा बाहेर.

तेव्हा आमच्याकडं पट्ट्या क्वचित असायच्या. नळीत निळं औषध घ्यायचं, लघवीचे आठ थेंब टाकायचे, उकळायचं. निळं हिरवं झालं, हिरवं पिवळं झालं आणि पिवळ्याचं केशरी होऊन तळाशी गाळ बसला. मला आनंद झाला. हे सांगायला बरं वाटत नाही, पण झाला होता. पुस्तकात रंगीत पानावर असलेली गोष्ट माझ्या हातातल्या नळीत घडली होती आणि ती दुसऱ्या कुणाच्या नाही, अप्पांच्या बाबतीत मला सापडली होती. माझा भाऊ नंदीश मी कॉलेजला जाताना म्हणाला होता, लोकांचं मूत तपासायला पोरीला शिकवायचं का? अप्पा त्याला काही बोलले नव्हते, पण फी भरून आले होते. मी रिपोर्ट लिहिला, साखर तीन प्लस, खाली सही केली. माझी पहिली सही बहुधा तीच. दुसरी बाटली घ्यावी, रक्त तपासावं, तपासून मग बोलावं, हे सगळं मला येत होतं, परीक्षेत लिहिलं होतं. मी दार उघडलं आणि म्हणाले, "अप्पा, गोड बंद."

त्यांनी का म्हणून विचारलं नाही. त्या दिवशीपासून बंद म्हणजे बंद. महिन्यानं डॉक्टरांनी रक्त तपासलं, ठीक निघालं; मी त्यांची लघवी परत तपासली, या वेळी लॅबच्या डब्यात, तीही कोरी. डॉक्टर म्हणाले, पथ्यानं काम झालं, गोळीची गरज नाही, असंच चालू ठेवा. यात कुणाचं काय चुकलं? ज्याला साखर नव्हती त्याची साखर पथ्यानं गेली, एवढंच. गावात बोलबाला झाला, शरणबसप्पाच्या लेकीनं वेळेत धरलं. नंदीश माझ्याशी अदबीनं बोलायला लागला. चुलते, मावश्या, त्यांच्या सुना, सगळे आपापल्या बाटल्या घेऊन माझ्याकडं यायला लागले. घरात माझ्या शब्दाला वजन आलं ते त्या केशरी गाळामुळं.

पण गुऱ्हाळाच्या मालकानं गोड सोडायचं म्हणजे काय हे मला तेव्हा कळायला हवं होतं. रस उकळत असताना अप्पा काहिलीच्या कडेला उभे राहायचे, फेस काढताना बघायचे, आणि वेळ झाली की बोट लावून जिभेवर ठेवायचे. डोळे मिटायचे. मग म्हणायचे, उतरव, किंवा, थांब अजून. गोरोबा हा त्यांचा गुळव्या, गूळ शिजवण्यात मुरलेला माणूस, तोसुद्धा त्या बोटाची वाट बघायचा. त्या हंगामात मी गेले तेव्हा अप्पा उजवा हात उपरण्यात गुंडाळून उभे होते. मी विचारलं, हाताला काय झालं? म्हणाले, "काय न्हाय, हात आपुआप तोंडाकडं जातुया." गोरोबा म्हणाला, मालक, बघा की, आणि अप्पा म्हणाले, तूच बघ. असे दोन हंगाम त्यांनी काढले. तिसऱ्या वर्षी गुऱ्हाळ लावलं नाही, काहील विकून टाकली. लोकांना सांगितलं, आता वय झालं. तेव्हा ते सहासष्ट वर्षांचे होते आणि शेतावर रोज चालत जात होते. येळवसेला, म्हणजे वेळा अमावस्येला, शेतात खीर व्हायची ती बंद झाली, सणाला गव्हाची गोड हुग्गी बंद झाली, कारण अव्वानंही त्यांच्याबरोबर सोडलं. घरात गूळच येईनासा झाला. मी माहेरी गेले की बिनसाखरेचा चहा प्यायचे आणि मनात म्हणायचे, याला म्हणतात शिस्त.

मला कधी शंका आली नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. चार वर्षांपूर्वी अप्पांची तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी केली तेव्हा आमचे लॅबचे मालक उमाशंकर सर कागदावर बोट ठेवून म्हणाले होते, "यांना मधुमेह आहे कशावरून?" मी म्हणाले, "युरीनमध्ये तीन प्लस होती सर, मी स्वतः केलेली." ते म्हणाले, असेल मग, आणि पुढचा कागद बघायला लागले. त्या रात्री मला ती बाटली आठवली होती. अगदी झाकणासकट आठवली. मी कूस बदलली आणि स्वतःला सांगितलं, अव्वानं धुतली असणार. ती भांडी लख्ख घासायची. तेवढ्यावर मी चार वर्षं काढली.

सत्यभामाबाई गेल्या त्यानंतर मी अकरा जणांचं रक्त घेतलं, एकोणीस लघव्या तपासल्या. काम थांबत नाही. नळी फिरवायची, वरचं ओतून द्यायचं, तळातला थेंब काचेवर, वर दुसरी काच, आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं, पू पेशी चार ते पाच, लाल पेशी नाहीत. हात मोजत होते आणि मी वकिली करत होते. अप्पा आता शहात्तर वर्षांचे आहेत. लग्नाच्या पंगतीत ताट पुढं आलं की बुंदीवर हात आडवा धरून म्हणतात, "आमची लीला न्हाय म्हनली हाय," आणि ते म्हणताना त्यांचा चेहरा मला माहीत आहे. तो चेहरा काढून घ्यायचा आणि बदल्यात काय द्यायचं? गुळाचा खडा? गोड न खाऊन कुणाचं वाईट झालंय? उलट हाडं चांगली राहिली, दात राहिले. मी हे सगळं पुन्हा पुन्हा म्हणून बघितलं, आणि प्रत्येक वेळी त्याच्या तळाशी दुसरंच काही बसलेलं दिसलं. मला अप्पांची नाही, माझीच काळजी होती. लीलानं वेळेत धरलं, या तीन शब्दांवर मी बारा वर्षं उभी होते, आणि ते शब्द गेले तर माहेरच्या उंबऱ्यात मी कोण, हे मला माहीत नव्हतं. मला भीती वाटत होती. दुपारी दोनला मी सुट्टी टाकली, पट्ट्यांची डबी आणि एक डबा पर्समध्ये टाकला, बाजारातनं पावशेर गूळ घेतला आणि बेंबळीची एसटी धरली.

अप्पा ओसरीत पोत्यावर बसून सुपातल्या तुरीतले खडे वेचत होते. नंदीश आणि त्याची बायको शेताकडं गेली होती. अप्पांनी चष्म्यावरून बघितलं. "आज कशी काय आलीस? सुट्टी हाय व्हय?"

"सहज आले," मी म्हणाले, आणि लगेच वाटलं की सहज म्हटलं तर पुढं काही सांगता येणार नाही. "नाही, सहज नाही. अप्पा, तुम्ही पहिल्यांदा लॅबमध्ये आणलेली ती बाटली आठवते का?"

"आटवती की. काचंची. आडतीला न्यायची."

"धुतली होती?"

"तुज्या अव्वानं धुतली व्हती. का गं?"

मी सांगितलं. मुंग्यांपासून सुरुवात केली, कारण तिथून सोपं वाटलं. सत्यभामाबाईंची बाटली, तपकिरी पट्टी, मग डबा, मग निळी पट्टी. काकवी आट्यांमध्ये बसते, तळाशी बसते, गार पाण्यानं निघत नाही, आणि त्या निळ्या औषधाला ती साखर लघवीतली आहे की बाटलीतली आहे हे कळत नाही. "तुम्हाला साखर नव्हती अप्पा. कधीच नव्हती. मी दुसऱ्यांदा तपासायला हवं होतं, ते केलं नाही. आणि चार वर्षांपूर्वी मला शंका आली होती. तेव्हा बोलायला हवं होतं, तेही बोलले नाही."

अप्पांचे हात तुरीत होते ते तसेच राहिले. मग ते म्हणाले, "लई दाट व्हती त्या सालची काकवी. नुसतं इसळून कुटली निगायची." त्यात जरा अभिमान होता. मला हसू येईल की काय असं वाटलं. मग त्यांनी विचारलं, "चार वरसाखाली म्हनलीस?"

"हो."

"मंजी तुजी अव्वा व्हती तवा."

"होती." अव्वाला जाऊन तीन वर्षं झाली. पोटाचा आजार होता, शेवटी पाणीसुद्धा टिकत नव्हतं.

अप्पांनी एक खडा वेचून बाजूला टाकला. "शेवटच्या म्हैन्यात एक डाव मागितली तिनं काकवी. तोंड कडू पडलंय, चमचाभर द्या म्हनली. सोमलिंगाचं गुऱ्हाळ चालू व्हतं, चालत गेलं तर धा मिनटं. म्या म्हनलं, आपल्या घरात येत न्हाय ते. इतकी वरसं दोगांनी पाळलं, आता कशाला मोडायचं? तिबी म्हनली, ऱ्हाऊ द्या मग."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ते मला लावून बोलत नव्हते, हिशेब मागत नव्हते. तूर वेचता वेचता आठवलं ते सांगत होते. त्यांनी मला बोलायला हवं होतं. एक शब्द जरी टाकून बोलले असते तरी मला रडता आलं असतं. मी पर्स उघडली आणि पट्ट्यांची डबी काढली, कारण हाताला दुसरं काही सुचेना. "परत एकदा तपासू या अप्पा. डबा आणलाय मी. तुमच्या डोळ्यांसमोर करते."

"नको. तू न्हाय म्हनतीस, मंजी नसंल."

मग मी गुळाचा पुडा सोडला आणि त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी एक खडा उचलला, उजेडाकडं धरला, अंगठा आणि बोटामध्ये चुरून बघितला. "चुना जास्त पडलाय," ते म्हणाले, आणि खडा परत कागदावर ठेवला.

"खा की अप्पा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "खाल्लं तर तुला बरं वाटंल का?"

मी मान डोलावली. अप्पांनी खडा तोंडात टाकला. काहिलीपाशी मिटायचे तसे डोळे मिटले नाहीत, जिभेवर घोळवला नाही. भराभर चावला, हातानं पाण्याची खूण केली, मी तांब्या दिला, आणि गोळी घेतात तसे ते दोन घोट प्यायले. मी सांगितलं म्हणून त्यांनी गूळ सोडला होता, आणि मी सांगितलं म्हणून खाल्ला. तोंड पुसून त्यांनी तुरीचं सूप पुढं ओढलं.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं," मी म्हणाले.